पट्टीखालची रेघ

गाडीच्या पत्र्याचा मिस्त्री त्या सोमवारी सकाळी नऊच्या ठोक्याला आला आणि त्याने आधी हात धुतले. काम संपल्यावर हात धुणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले होते. कामापूर्वी धुणारा हा पहिलाच. मी कारण विचारले, तेव्हा तो म्हणाला की चकचकीत पट्टीला घामाचा हात लागला तर डाग बसतो, आणि जुन्या वस्तूला आपण पहिलाच डाग द्यावा, हे बरे नव्हे. मला तो माणूस आवडला.

मी वजनमापे खात्यात चौतीस वर्षे निरीक्षक होतो. बाजारपेठेत मला 'तराजूसाहेब' म्हणत. दुकानदाराची वजने, दुधाची मापे, कापडाचे गज हे सगळे ताडून पाहण्यात माझे आयुष्य गेले, आणि ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. सदऱ्याच्या खिशात पेन असावे तसे माझ्या खिशात मिलिमीटरचा दहावा भाग मोजणारे व्हर्नियर असते. 'ह्यांनी माझी मायासुद्धा तोलून घेतली, वर पावती मागितली,' असे ही पूर्वी चारचौघांत म्हणत असे. ही म्हणजे माझी पत्नी. 'पूर्वी' अशासाठी, की बत्तीस वर्षांपूर्वी तिने थट्टा करणे सोडले.

घराच्या बाजूला पत्र्याच्या छपराखाली आमची जुनी गाडी उभी असते. लांब, जड, गोल दिव्यांची. दोन्ही अंगांना मागच्या दिव्यापासून पुढच्या दिव्यापर्यंत बोटभर रुंदीच्या चकचकीत पट्ट्या, एका बाजूला एकापुढे एक अशा चार. गाडीचा मूळ रंग निळा होता. आमची मुलगी गेली त्या वर्षी हिला तो निळा रंग डोळ्यांसमोर नकोसा झाला, म्हणून मी गाडी राखाडी करून घेतली. त्यानंतर मी रविवारी इंजिन चालू करून दहा मिनिटे फिरू देत असे, फाटकाबाहेर मात्र ती कधी नेली नाही.

या वर्षी हिच्या डोळ्यांची ज्योत मंदावू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की औषधाने वेग कमी होईल, पण थांबणार नाही. चार महिने, फार तर सहा. त्या दिवशी घरी आल्यावर ही खिडकीशी जाऊन बसली. मग म्हणाली, "अहो, दिसतंय तोवर गाडी परत निळी कराल?"

बत्तीस वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट.

निळ्यात निळे शंभर. नेमकी छटा मिळवायची तर मूळ रंगाचा तुकडा हवा. मिस्त्रीने गाडीभोवती एक फेरी मारली, पट्टीच्या कडेवर नख ठेवले आणि जीभ टाळ्याला लावून 'च्च' केले. मागच्या रंगाऱ्याने आळस केला होता. पट्ट्या काढून रंगवायच्या सोडून त्याने त्यांच्या कडेने कागद चिकटवला होता आणि तसाच फवारा मारला होता. "पाप केलंन," मिस्त्री म्हणाला, "पण तुमच्या पथ्यावर पडलं. पट्टीखाली निळा जसाच्या तसा असणार, कारखान्यातून निघाला तसा."

त्याची काम करण्याची रीत पाहण्यासारखी होती. पट्टीच्या वर आणि खाली त्याने कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे हत्यार निसटले तरी पत्र्याला ओरखडा जाऊ नये. मग बोटाएवढी लाकडी पाचर घेतली. लोखंड तो जवळ आणीना. पाचर पट्टीखाली सरकवायची, क्लिप सापडेपर्यंत न्यायची, आणि क्लिपच्या अगदी शेजारी किंचित उचलायची. 'टक्' असा बारीक आवाज येतो. मग पुढची. "पट्टीला घाई दाखवायची नाही, साहेब. एकदा वाकली की जन्माची वाकडी. सरळ करता येते, पण सरळ केलेली कळते." त्याच्या मते पट्टी नेहमी मागून पुढे काढावी, आणि दुसऱ्या माणसाने सुटलेले टोक तळहातावर तोलून धरावे. ते टोक मी धरले. डाव्या अंगाची पहिली पट्टी, मागच्या दिव्यापासून मागच्या दारापर्यंतची, वीस मिनिटांत अखंड हाती आली.

खाली बोटभर रुंदीचा पट्टा उघडा पडला. त्यावर इतक्या वर्षांची धूळ आणि जुने मेण यांचा तपकिरी साका बसला होता. त्या साक्यातून, बरोबर मधून, एक रेघ गेली होती. रेघेत निळा रंग स्वच्छ दिसत होता. कोणीतरी धुळीच्या काचेवरून बोट फिरवावे, तशी ती दिसत होती.

मला वाटले, कारखान्यातल्या कोणा कामगाराने केलेली असेल. सवयीने मी रेघेच्या आरंभी व्हर्नियर लावले. आठ पूर्णांक सहा मिलिमीटर. मिस्त्री हसला. "साहेब, घाणसुद्धा मोजता?" मीही हसलो. मग घासलेटात बुडवलेला फडका घेऊन मी तो पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुसून काढला. रंग नीट दिसायला हवा होता. निळा उजळून आला. मी हिला हाक मारली, आणि तिने डोळे बारीक करून तो पाहिला आणि मान हलवली. "हाच," एवढेच म्हणाली, आणि आत गेली.

काम तिथेच थांबवता आले असते. नमुना मिळाला होता. पण रंगवायचे तर पट्ट्या सगळ्याच काढायला हव्यात, आधीच्या रंगाऱ्याचे पाप पुन्हा करायचे नव्हते.

दुसरी पट्टी मागच्या दारावरची. त्या दारावर मला जरा थांबावे लागेल.

आमच्या मुलीला आम्ही ठकी म्हणत असू. ती पाच वर्षांची असताना मी हेच दार न पाहता लावले आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी चेमटली. जखम भरली, पण बोटाच्या टोकावर तिरकी रेषा कायमची राहिली. तेव्हापासून तिने एक नेम धरला. गाडीत बसण्याआधी मागच्या दिव्यापाशी जायचे, ते बोट पट्टीवर टेकवायचे, आणि ओढत ओढत पुढच्या दिव्यापर्यंत न्यायचे. मग धावत मागे येऊन डाव्या बाजूला बसायचे. दार दोनदा आपटावे लागे. पहिल्या खेपेला ते कधीच लागत नसे. हे सारे कशासाठी, असे विचारले की म्हणे, "गाडीला सांगते, मी आलेय. म्हणजे ती चावत नाही." हिने काळ्या झालेल्या बोटावरून तिला किती वेळा रागे भरले असेल. ठकीने एकदा मलाही सांगितले होते, "बाबा, माझं बोट मोजा ना." मी मोजले, आणि वहीत लिहून ठेवले.

सात वर्षांची असताना तिला ताप आला. दुपार होती. ही मागे तिला मांडीवर घेऊन बसली होती. चौकात दिवा लाल झाला. रस्ता चारही अंगांनी रिकामा होता. ही म्हणाली, "चला ना." मी म्हणालो, "दिवा लाल आहे." पुढे मी घड्याळ लावून पाहिले, तो दिवा ब्याण्णव सेकंद लाल असतो. रुग्णालयात डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि म्हणाले, आत्ताच, दोनेक मिनिटं झाली असतील. त्या दिवसापासून आम्ही दोघांनी त्या चौकाचा उच्चार केलेला नाही.

दुसरी पट्टी सुटली. साका तसाच होता, आणि रेघ तशीच, मधून. मिस्त्री पुढे वाकला, आणि त्याच्या हातातली पाचर तशीच राहिली.

"साहेब, ही क्लिपखालून गेलीय."

ते खरे होते. जिथे क्लिप पत्र्याला घट्ट दाबून बसली होती, तिथेही रेघ खंडित नव्हती. मिस्त्रीने क्लिपा उलटसुलट पाहिल्या. त्या कारखान्याच्याच होत्या, एकदाही न उघडलेल्या. त्यांच्या कण्यावरचा पहिला रंग शाबूत होता. पट्टी आणि पत्रा यांच्यात फट तीन मिलिमीटरची. मी मोजली. तीन मिलिमीटरात कोणाचे बोट जात नाही.

प्रत्येक क्लिपच्या जागी बोट क्षणभर टेकल्याचा ठसा होता. मी भिंग आणले. ठशावर बारीक वळणे होती, आणि त्या वळणांना छेदणारी एक तिरकी रेषा.

रुंदी अकरा पूर्णांक नऊ.

मी आत गेलो, कपाटातून जुनी वही काढली. ठकी, तर्जनीचा ठसा, आठ पूर्णांक सहा. शाई फिकट झाली होती, पण आकडा माझाच होता.

मिस्त्रीने तिसरी पट्टी काढली. पुढच्या दारावरच्या त्या साक्यात रेघ तेरा पूर्णांक चारची झाली आणि मग वाढायची थांबली. ते मोठ्या बाईचे बोट होते. दाब हलका, चाल सावकाश. पट्टीच्या मध्याच्या थोडे अलीकडे ती एका जागी बराच वेळ थांबली असावी. तिथला ठसा खोल होता, आणि त्याखालचा निळा घासून पांढुरका झाला होता.

मिस्त्रीने पाचर पुसली, आणि ती माझ्या हातात दिली.

"चौथी तुमची तुम्ही काढा, साहेब. मी हिशेबी माणूस नाही, पण एवढं कळतं. हे घरातलं आहे." काढलेल्या तिन्ही पट्ट्या त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून भिंतीशी क्रमाने उभ्या केल्या, हात धुतले, आणि गेला. फाटकाशी वळून पाहिले नाही.

हिला सांगणे भाग होते. मी तिला हात धरून छपराखाली आणले, तिच्या डोळ्यांपाशी भिंग धरले आणि दिवा दाखवला. ती दुसऱ्या पट्ट्यावर वाकली. ती किती वेळ वाकली होती, ते मी मोजले नाही. मग ती सरळ झाली.

"आणि पहिली?"

मी भिंग खिशात घातले.

"अहो, पहिल्या पट्टीखाली काय होतं?"

"पुसलं," मी म्हणालो. "रंग पाहायला."

ती मनाशी आकडेमोड करत असावी. हिशेब तिला माझ्याहून चांगला येतो. आठ पूर्णांक सहापासून अकरा पूर्णांक नऊपर्यंत. ठकीचे आठवे वर्ष, नववे, दहावे, बारावे, चौदावे. ती ज्या वर्षांत वाढली ती सारी वर्षे मी घासलेटाच्या फडक्याने एका हातासरशी पुसून काढली होती.

"दोनदा," ही म्हणाली. "दोनदा हो."

खाली वाकून तिने चाचपडत तो फडका शोधला, त्याची घडी घातली, आणि पदराआड धरून आत नेला. तो आजही तिच्या उशाशी आहे. त्याला अजून घासलेटाचा वास येतो.

चौथी पट्टी आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी काढली. चिकटपट्टी मी लावली, पाचर मी धरली. सुटलेले टोक तळहातावर धरायला माणूस हवा होता. ती आपण होऊन पुढे आली. पट्टी वाकली नाही. प्रत्येक 'टक्'ला ती विचारी, "आहे?" आणि मी म्हणे, "आहे." असे नऊ वेळा झाले. दहाव्या वेळी रेघ संपली होती.

पुढच्या दिव्याच्या अलीकडे ती थांबली होती. तिच्यापुढचा साका अस्पर्श होता. थांबलेल्या टोकाशी मात्र मेण नुकतेच सरकवल्यासारखे ओले चमकत होते.

मी सर्व मोजले. माझ्या हाती दुसरे काय होते? चारही पट्ट्यांखालची रेघ मिळून तीन हजार पाचशे सहासष्ट मिलिमीटर. ठकीला जाऊन बत्तीस वर्षे पाच महिने झाले होते. वर्षाला एकशे दहा. खोल ठशाची जागा या मापाने एकोणिसाव्या वर्षी येत होती. त्या वर्षी मी गाडी भंगारात देण्याचे ठरवले होते, आणि पंधरा दिवसांनी मन बदलले होते. रेघेच्या टोकापासून दिव्यापर्यंतचे अंतर चौतीस मिलिमीटर उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा व्हर्नियर लावले. तेहेतीस पूर्णांक सात.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, तेहेतीस पूर्णांक चार.

आयुष्यभर मी लोकांची मापे खोटी ठरवली. हे माप खोटे ठरावे, म्हणून मी काय काय केले ते सांगत बसत नाही. दुसरे व्हर्नियर आणले. छपराला कुलूप घातले. रेघेच्या टोकावर काचेची पट्टी ठेवून कडा मेणाने बंद केल्या. काच जागची हलली नाही. रेघ तिच्याखालून पुढे गेली.

रंगाऱ्याला मी निरोप पाठवला की गाडी रंगवायची नाही. हिला त्याचे काही वाटले नाही. निळ्याचा तो बोटभर पट्टा तिला पुरे झाला. रोज सकाळी ती छपराखाली येई, आणि मी आकडा सांगे. बत्तीस वर्षांत आमच्यात जितके बोलणे झाले नव्हते, तितके त्या आकड्यांभोवती झाले. एकतीस उरले तेव्हा तिने सांगितले की ठकीला दुधावरची साय आवडत नसे, हे मी विसरलो असेन. मी विसरलो नव्हतो. वीस उरले तेव्हा ती प्रथमच हसली. म्हणाली, एकोणचाळीस वर्षांची घोडी झाली, अजून बोट काळं करत हिंडते. बारा उरले तेव्हा तिला रेघ दिसेनाशी झाली. सहा उरले तेव्हा मी तिला दिसेनासा झालो.

त्यानंतर ती आकडा बोटांच्या पेरांवर घेई.

"दिव्यापर्यंत पोचली," ती एके दिवशी म्हणाली, "की मागे येऊन बसते. आठवतं ना?"

मला आठवत होते. मी नवी बॅटरी बसवली, ब्रेक पाहिले, टाकी भरली. मागच्या डाव्या दाराचा कुलपाचा खटका उघडा ठेवला.

एकशे तेरावा दिवस बुधवार होता. सकाळचे अकरा वाजले होते, ऊन छपराच्या भोकांतून गाडीवर पडले होते. मी व्हर्नियर खिशातून काढले आणि पुन्हा खिशात ठेवले. मोजायला काही उरले नव्हते. रेघ दिव्याला मिळाली होती. दिव्याच्या काचेवर, बाहेरच्या बाजूने, एक ठसा होता.

ही आधीच मागे बसली होती. उजव्या बाजूला. डावी बाजू तिने मोकळी ठेवली होती, आणि हात तिथे उताणा ठेवला होता.

मी पुढे बसलो. आरसा मी आधीच छताकडे वळवला होता.

आम्ही वाट पाहिली.

दार आपटले. लागले नाही.

मग पुन्हा आपटले, आणि लागले.

"आली," ही म्हणाली. तिचा आवाज बत्तीस वर्षांपूर्वीचा होता. "चला. आणि आता थांबू नका हो."

फाटक ओलांडले. गल्ली, दुकाने, शाळेची भिंत. मग तो चौक.

दिवा लाल होता. रस्ता चारही अंगांनी रिकामा.

मी ब्रेकवर पाय ठेवला नाही.

चौक मागे पडला. तेवढ्यात माझ्या पाठीवर, सदऱ्यावरून, एक बोट टेकले, आणि डाव्या खांद्यापासून उजव्या खांद्यापर्यंत सावकाश, न उचलता, ओढत गेले.

गाडीला सांगावे तसे.